सुट्टे नाहीत

पेपरवाला दारात उभा होता आणि बाबा त्याला म्हणत होते, "आज सुट्टे नाहीत रे, उद्या ये." मी आत चहा गाळत होते. वाक्यात वावगं काहीच नव्हतं. अख्ख्या डोंबिवलीत रोज सकाळी शंभर दारांतून ते ऐकू येत असेल. पण आमच्या दारातून मी ते पहिल्यांदा ऐकलं. बाबा म्हणजे एक तारखेला पेन्शन काढून आणून, जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं उलटी करून त्यांवर निळ्या बॉलपेनने 'पेपर', 'दूध', 'इस्त्री', 'मेन्टेनन्स' असं लिहून ठेवणारा माणूस. सुट्ट्यांसाठी टीव्हीशेजारी कॉफीची रिकामी बरणी असायची. रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून होणारी कटकट टळावी म्हणून आईने ती सुरू केली होती, आणि आई गेल्यावरही बाबांनी ती कधी रिकामी होऊ दिली नव्हती. चहाचे कप घेऊन मी बाहेर आले तेव्हा माझी नजर आधी बरणीकडे गेली. तळाला एक सेफ्टी पिन आणि औषधांच्या दुकानात सुट्ट्यांऐवजी मिळालेली दोन चॉकलेटं होती.

पेपरवाला जिन्यात घुटमळत होता. मी दार लोटून बाहेर गेले तसा आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, ऑक्टोबरपासूनचं राहिलंय. सातशे ऐंशी झालेत. काकांना सारखं मागायला बरं नाही वाटत." मी तिथल्या तिथे फोनवरून पैसे दिले. आत आले तर बाबा खिडकीशी उभे राहून कंपाउंडमधल्या शेवग्याकडे बघत होते. शेवग्यात बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांची मान मागून फार बारीक दिसली. मान आणि कॉलर यांच्यामध्ये दोन बोटं सहज जातील एवढी.

विसरले असतील, मी स्वतःला सांगितलं. वय झालं.

ही जानेवारी २०२५ची गोष्ट. पुण्याला परतताना कर्जत सुटलं, घाट लागला, तरी ते 'सुट्टे नाहीत' डोक्यातून जाईना. दाढेत शेंगदाण्याचं साल अडकावं तसं. मग त्याला चिकटून बाकीच्या गोष्टी एकेक करून वर यायला लागल्या. दिवाळीच्या सुमारास बाबांनी सोसायटीचं खजिनदारपद सोडलं होतं. सतरा वर्षं सांभाळलेलं. "हात थरथरतो, चेकवरची सही जुळत नाही," असं कारण दिलं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पूर्वी रात्री नऊला फोन केला की अर्धा तास गप्पा व्हायच्या, आता "ठेवतो, झोप आलीय" म्हणायचे, आणि सकाळी डोळे तांबारलेले. फिजिओथेरपी बंद केली, "काही फरक पडत नाही" म्हणून. बिस्किटं स्वस्तातली यायला लागली होती. संडासात चाळीस-चाळीस मिनिटं. यातल्या प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर तयार होतं. कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन्स. आई जाऊन तीन वर्षं होत आली, एकटे पडलेत. त्र्याहत्तर म्हणजे काही लहान वय नाही. म्हातारपण ही मोठी गोधडी आहे, तिच्याखाली काय काय झाकून जातं. हेच सगळं माझ्या बावीस वर्षांच्या भाच्याने केलं असतं, म्हणजे हातात पैसे नाहीत, रात्रीची झोप नाही, फोन उलटा ठेवतो, तर आम्ही दुसऱ्याच दिवशी त्याला समोर बसवून "खरं काय ते सांग" म्हटलं असतं. बाबांना तसं कोण विचारणार?

आमच्या घरात पत्त्यांना कधी कुणी वाईट मानलं नाही, हेही खरं. फोर्टातल्या सरकारी कचेरीत बाबांनी एकतीस वर्षं नोकरी केली, आणि एकतीस वर्षं सकाळची तीच ८.१४, तोच डबा, खिडकीजवळची तीच समोरासमोरची बाकं. चौघांच्या गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी, तिच्यावर कालचा पेपर आणि पेपरवर रमी. पारसिकचा बोगदा आला की सगळ्यांनी पानं छातीशी धरायची, हा नियम. डाव पैशांचा नसायचा. आठवडाभराचे गुण एका डायरीत मांडायचे आणि शनिवारी हरणाऱ्याने बाकीच्यांना भजी खिलवायची. कुणाच्या मुलीचं लग्न ठरतंय, कुणाची बदली अडलीय, कुणाच्या छातीत दुखतंय, हे सगळं त्या पानांवरून एकमेकांना कळायचं. बाबांचं पिसणं बघायला मला फार आवडायचं. दोन थप्प्यांचे कोपरे अंगठ्यांनी वाकवून सोडले की कबुतर उडाल्यासारखा फर्रर्र आवाज व्हायचा. त्याच अंगठ्यांपैकी उजव्यात पहिल्यांदा थरथर आली.

गोकुळाष्टमीला आम्ही लालबागला आजीच्या चाळीत जायचो. जन्म होईपर्यंत जागायचं म्हणून पोरांचं झब्बू आणि गुलामचोर, पैशांच्या जागी चिंचोके. मोठ्यांचं तीन पत्ती गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, खऱ्या पैशांचं. बाबा तिकडे फिरकायचे नाहीत. पोरांत मांडी घालून बसायचे आणि मुद्दाम हरून आम्हाला चिंचोके वाटायचे. मटका म्हणजे काय तेही मी तिथेच पाहिलं. कल्याणजी भगत आणि रतन खत्री या मटकेवाल्यांची नावं त्या चाळीत मंत्र्यांपेक्षा जास्त घेतली जायची. एके काळी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर लागणारे आकडे साठच्या दशकात मडक्यातून आणि मग पत्त्यांतून निघायला लागले, हा इतिहास मला फार पुढे कळला. मला ठाऊक होते ते समोरच्या खोलीतले मामा. संपात गिरणी गेलेली. रात्री नऊचा ओपन आणि बाराचा क्लोज, आकडा फुटण्याच्या या दोन टोकांमध्ये त्यांचा दिवस असायचा. पोरांना विचारायचे, "काल स्वप्नात काय दिसलं रे?" साप दिसला तर एक आकडा, वरात दिसली तर दुसरा. एकदा मला हजेरीपटावरचा नंबर विचारला. मी सांगितलं, सत्तावीस. आजी आतून ओरडली, "पोरीचा नंबर लावू नकोस हां मेल्या!"

आजी त्याला व्यसन म्हणायची नाही. नाद म्हणायची. "नाद लागलाय त्याला."

पण त्या नादाची खबर सगळ्या मजल्याला असायची. मामा हरले की समोरच्या खोलीतला स्टोव्ह पेटायचा नाही, आणि स्टोव्हचा आवाज नाही हे गॅलरीतल्या दहा बायकांना एकाच वेळी कळायचं. मग आजी मला झाकलेलं ताट घेऊन पिटाळायची, वर तंबी द्यायची की "जास्त झालं होतं" एवढंच सांगायचं. यात मी चाळीचं कौतुक करत नाही. मामींच्या मंगळसूत्रातले मणी कुठे गेले तेही त्या दहा बायकांना माहीत होतं आणि त्यांनी ते चवीने चघळलंही. पण माहीत होतं. बाबांच्या घरात स्टोव्ह नव्हता आणि गॅलरीही नव्हती. दोन खोल्यांचा स्वतंत्र ब्लॉक, सुरक्षा दरवाजा, आणि हातात सहा इंची पडदा.

तो पडदा मीच दिलेला. २०२० साली लॉकडाऊनमध्ये पुण्यातून व्हिडिओ कॉलवर तासन् तास बसून मी त्यांना पैसे पाठवायला शिकवलं होतं. पिन कुठे टाकायचा, हिरवी खूण आली म्हणजे गेले. शिकल्यावर त्यांनी मला एक रुपया पाठवून बघितला होता. "आमचे बाबा या वयात सगळं ऑनलाइन करतात," हे मी ऑफिसात किती जणींना सांगितलं असेल. आणि याहून वाईट गोष्ट सांगायची तर, जुलै २०२४मध्ये त्यांचा इन्कम टॅक्स रिटर्न भरताना मला ती नोंद दिसली होती. ऑनलाइन खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर तेव्हा तीस टक्के कर कापला जायचा. आयकराच्या पोर्टलवर वर्षभराच्या पत्रकात ती कपात स्वच्छ छापून आलेली होती. कापलेला कर एक हजार आठशे. म्हणजे मार्चपर्यंत सहा हजार जिंकलेले. मी फोन लावून हसत म्हटलं, "बाबा, छुपे रुस्तम निघालात की! आइस्क्रीम लागू." त्यांनी खरंच पुढच्या भेटीत आइस्क्रीम आणलं. हापूस फ्लेवरचा फॅमिली पॅक. आम्ही सगळ्यांनी खाल्लं.

त्या आइस्क्रीमची चव मला अजून मधूनच आठवते, आणि ती वाईट नव्हती हेच वाईट वाटतं.

तर, पेपरवाल्यानंतर दहा-बारा दिवसांनी एका शनिवारी मी न कळवता डोंबिवलीला गेले. बाबा खूश झाले, जरा जास्तच. खिचडी-पापड झालं, लवकर निजलो. रात्री दोनच्या पुढे जाग आली ती आवाजाने. छन्न, छन्न, छन्न, छन्न. कुणीतरी पितळेच्या ताटात नाणी ओतावीत तसा. मला आधी वाटलं वरच्या मजल्यावरून येतोय. मग संडासाच्या दाराखाली उजेडाची फट दिसली. बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. त्यांना वाटत असावं की फोनचा आवाज बंद आहे. किती महिने ते असे रात्री त्या बंद दाराआड बसून, आपला खेळ मुका आहे अशा समजुतीत, अख्ख्या घराला तो ऐकवत होते, आणि ऐकायला घरात कुणी नव्हतं. मी दारावर टकटक केली नाही. बाहेर पाटावर बसून राहिले. वीस मिनिटांनी दार उघडलं, मला बघून ते म्हणाले, "अगं, पोट जरा..." आणि मग पुढे बोललेच नाहीत.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही जे जे करू नये ते सगळं केलं. दादा बंगळूरहून व्हिडिओ कॉलवर आला आणि ओरडला. मी फोन काढून घेतला, शाळेतल्या मुलाचा घेतात तसा. बँकेचं स्टेटमेंट काढलं, अकरा पानं. दोनशे, पाचशे, पाचशे, हजार, वेळ २.११, २.१४, २.१६. दोन मुदत ठेवी मुदतीआधी मोडलेल्या. अकरा महिन्यांत ४ लाख ८० हजार. शिवाय ८.१४च्या दोघा जुन्या दोस्तांकडून उसने. बाबा सुरुवातीला ताठ होते. सरकारी माणूस, त्यामुळे थेट कायद्यावर आले. "रमी हा जुगार नाही. सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, कौशल्याचा खेळ आहे." खरं होतं ते. साठच्या दशकातला निकाल, आंध्रातल्या एका क्लबच्या खटल्यातला. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचं काय टाकायचं ते ठरवावं लागतं, तीन पत्तीसारखं निव्वळ नशीब नाही, असं त्यात म्हटलंय. पण ते चार माणसं टेबलाभोवती बसून खेळतात त्या रमीबद्दल. पहाटे दोनला, समोर कोण आहे हे दिसत नसताना, डाव दोन मिनिटांत संपत असताना आणि एका पानाने सिक्वेन्स राहिला की लगेच "पुन्हा खेळा"चं बटण बोटाखाली येत असताना कसलं कौशल्य? टीव्हीवर त्या जाहिराती लागायच्या तेव्हा शेवटी एक माणूस "या खेळात आर्थिक जोखीम असून सवय लागू शकते" हे वाक्य फलाटावरून फास्ट लोकल सुटावी तशा वेगाने म्हणायचा. तो वेग कुणासाठी होता, हे मला त्या अकरा पानांवरून कळलं.

मग बाबा एकदम खाली बसले आणि म्हणाले, "सोसायटीचे पैसे नाही घेतले मी. एक रुपया नाही. म्हणून तर ते सोडलं."

यावर मला काय बोलावं सुचलं नाही. आम्ही माना डोलावल्या होत्या त्या दिवशी या माणसाने एकट्याने, कुणालाही न सांगता, आपल्याच हाताला तिजोरीपासून लांब नेलं होतं.

त्या रात्री साडेअकराला बाल्कनीत उभी राहून मी १४४१६ लावला. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची फुकट हेल्पलाइन, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. रिक्षाच्या मागे की दवाखान्याच्या भिंतीवर तो नंबर कधीतरी वाचला होता. पलीकडची मुलगी माझ्या मुलीपेक्षा फार मोठी नसावी. मी तारखा, आकडे, ठेवी, सगळं धडाधड सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही जेवलात का आज?" मग हळूहळू विचारत गेली. जिवाचं काही बोलतायत का, "माझं संपलंय" वगैरे? हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. म्हातारा माणूस असं बोलला तरी आपण "काहीतरीच काय बाबा" म्हणून उडवून लावतो. तिने सांगितलं की उद्या त्यांना थेट हेच विचारा, विचारल्याने डोक्यात येत नाही, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा; आणि फोन हिसकावून घेतलाय तो परत द्या, पैशांचं काय करायचं ते त्यांच्या संमतीने ठरवा. मी सकाळी फोन परत दिला. जिवाचंही विचारलं. बाबा शेवग्याकडे बघत म्हणाले, "एकदा आलं होतं मनात. तुझ्या आईचा फोटो समोर होता." बस्स, एवढंच.

ठाण्याच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी जुगाराचं काहीच विचारलं नाही आधी. म्हणाल्या, "गोळ्या कोणत्या चालू आहेत? पट्ट्या आणल्यात?" मी पिशवी रिकामी केली. त्यांनी एक पट्टी बोटाने बाजूला सरकवली. प्रामिपेक्सोल. "ही कधी सुरू झाली? डोस कधी वाढला?" मी चाचपडत सांगितलं, डिसेंबर २०२३ला सुरू, मेमध्ये वाढवली. त्यांनी बाबांकडे वळून विचारलं, "काका, पत्ते तुम्ही आयुष्यभर खेळलात. पैशांनी कधीपासून?" बाबा म्हणाले, "फेब्रुवारी." कोणतं साल हे कुणी विचारलं नाही.

कंपवातात मेंदूतलं डोपामिन कमी पडतं म्हणून हातपाय ऐकेनासे होतात, एवढं मला ठाऊक होतं. ही गोळी त्या डोपामिनची नक्कल करते. पण मेंदूत डोपामिनचं काम हातपाय हलवण्यापुरतं नसतं. "आता येईल, पुढच्या डावात येईलच" ही ओढही त्याच्याच खात्यात येते, आणि गोळी तिथेही पोचते. काहींना खरेदीची हाव सुटते, काही रात्री उठून खात बसतात, काहींच्या कामवासनेचा ताबा सुटतो, काही जुगाराला लागतात. रोपिनिरोल ही तिची बहीण, तिचंही तेच. अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० कंपवाताच्या रुग्णांची पाहणी २०१० साली छापून आली, त्यात शंभरात तेरा-चौदा जणांना असा काहीतरी नाद लागलेला दिसला. जुगाराचा पाच जणांना. म्हणजे हे काही दुर्मीळ गुपित नव्हतं. पण गोळी सुरू करताना आम्हाला सांगितलं गेलं ते एवढंच की झोप येईल, उठताना सावकाश उठा. आणि पट्टीसोबतचा कागद? आपल्याकडे गोळ्या कात्रीने कापून मिळतात, कागद दुकानदाराच्या खोक्यातच राहतो. मला त्या क्षणी ती पट्टी खिडकीबाहेर फेकावीशी वाटली. बाईंनी ओळखलं असावं, लगेच म्हणाल्या, "घरी जाऊन बंद करू नका हं. एकदम सोडली तर घाबरेपणा, घाम, फार खोल उदासी येते. मेंदूच्या डॉक्टरांशी मी बोलते, हळूहळू उतरवू." मग त्यांनी बाबांना गॅम्बलर्स ॲनॉनिमस या जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या वीस प्रश्नांचा कागद दिला. हरल्यावर लगेच परत जाऊन भरून काढावंसं वाटतं का, झोप उडाली का, खेळण्यासाठी उसने घेतले का, असे प्रश्न. बाबांनी चष्मा लावून, थरथरत्या हाताने, परीक्षेला बसल्यासारखे टिक केले. अकरा. "पास व्हायला किती लागतात?" त्यांनी विचारलं. "सातलाच पास होतात, काका," बाई म्हणाल्या, आणि कितीतरी महिन्यांनी मी बाबांना हसताना पाहिलं.

नातेवाइकांना गोळीची गोष्ट भलतीच आवडली. आत्या तर दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना फोन करून सांगत सुटली, "त्याचं काही नव्हतं गं, गोळीमुळे झालं." दादाच्या आवाजातली धारही उतरली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फक्त बाबा गप्प होते. एकदा भाजी निवडताना मला म्हणाले, "गोळीला कशाला बोल लावता सगळे? मला मजा येत होती." थोड्या वेळाने, मेथीची काडी मोडत, "रात्री तिथे पाच जण जागे असायचे. नावं खोटी असतील. पण जागे असायचे."

डोस उतरायला नऊ आठवडे लागले. जोडीला समुपदेशन. समुपदेशकाने वही ठेवायला सांगितली, खेळावंसं वाटलं की आधी काय झालं ते लिहायचं. बाबांनी ती कचेरीच्या नोंदवहीसारखी आखली: दिनांक, वेळ, तपशील, शेरा. मी बघू नये ती एकदा बघितली. एका ओळीत होतं: 'पहाटे २.१०. जाग आली. शेजारची बाजू रिकामी.' शेऱ्याच्या रकान्यात 'निरंक'. म्हणजे त्या रात्री खेळले नव्हते. पैशांचं त्यांच्यासमोर बसून ठरवलं: खातं माझ्याबरोबर जोडलं, रोजची मर्यादा अगदी खाली आणली, प्रत्येक व्यवहाराचा संदेश माझ्याही फोनवर. दादा एका झटक्यात दोस्तांची उसनवारी फेडायला निघाला होता, बाईंनी थांबवलं. कर्ज कुणीतरी एकरकमी मिटवलं की डोक्यावरचं ओझं जातं आणि पुढच्या डावाला वाट मोकळी होते, असं त्यांचं म्हणणं. बाबा स्वतः दर महिन्याला कल्याणला जाऊन दोन-दोन हजार देऊन यायचे. जाताना गप्प, येताना भज्यांचा वास. आणि गोळी उतरली तशी थरथर वाढली, हेही लिहायला हवं. आता बशीशिवाय चहा घेता येत नाही, आणि पानं पिसणं तर विसराच.

जूनमध्ये एकदा घसरले. वॉचमनकडून दोन हजार घेतले आणि दोन रात्रींत घालवले. या वेळी संदेश माझ्या फोनवर आला नाही, त्यांचा स्वतःचा फोन आला. सकाळी साडेसहाला. "नोंद करायची राहिली होती," म्हणाले. मग २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही होऊन पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. ॲप उघडलं की "खेळ बंद, शिल्लक काढून घ्या" असा मजकूर यायला लागला. बाबांची शिल्लक १४३ रुपये. गणपती पाच दिवसांवर आले होते, मी मोदकांच्या तयारीला डोंबिवलीत होते. मला वाटलं, सुटलो. बाबा मात्र खट्टू. "सरकारनेच दुकान बंद केलं. आता मी सोडलं असं कोण म्हणणार?" पुढे परदेशातल्या कुठल्या कुठल्या साइट्सच्या लिंका त्यांच्या फोनवर यायला लागल्या, "काका, तुमचा बोनस थांबलाय" अशा. त्यातली एक त्यांनी मला उघडून न बघता दाखवली. बाकीच्या किती आल्या ते मी विचारलं नाही.

परवा मी पुन्हा तिकडे होते. सकाळी बेल वाजली, मी चहा गाळत होते. पेपरवाला. बाबांनी टीव्हीखालचा खण उघडला, मी महिन्याच्या सुरुवातीला रोख देते त्यातून केलेलं उलट्या लग्नपत्रिकेचं पाकीट काढलं. अक्षर आता वाकडं झालंय, 'पेपर'मधला 'र' ओळ सोडून खाली उतरलाय. तीनशे दिले. तीस रुपये परत आले असणार, दहाची तीन नाणी, कारण मला ती ऐकू आली. बाबांच्या तळहातात ती एकमेकांवर आपटत होती, छन्न छन्न छन्न, थांबतच नव्हती. मी गाळणी धरून तशीच उभी राहिले. आवाज दारापासून टीव्हीपर्यंत आला. एक नाणं बरणीत पडलं, दुसरं पडलं, तिसरं काठाला लागून फरशीवर गेलं आणि गोल गोल फिरत सोफ्याखाली शिरलं. मी पुढे झाले तर बाबा म्हणाले, "तू राहू दे, चहा निवेल." मग सोफ्याचा हात धरून सावकाश एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, आणि माझ्या मुलीची फूटपट्टी मागितली.